सही आधी, ठराव नंतर

"ताई, हा तुमचा स्थानिक प्रश्न झाला. आजच्या विषयाला धरून काही असेल तर विचारा."

सूत्रसंचालक हे अगदी मऊ आवाजात बोलला. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, घाई होती. पावणेनऊ वाजून गेले होते, सभागृह नऊला रिकामं करून द्यायचं होतं आणि आभारप्रदर्शन अजून व्हायचं होतं. पुण्यातल्या एका सभागृहात पंचायत राजवरचं व्याख्यान नुकतंच संपलं होतं. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. माईक देणाऱ्या मुलाला त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला तसा त्यांनी माईकशिवायच प्रश्न सुरू केला, मग माईक हातात आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. "आमच्या गावात ग्रामसभेला सही आधी घेत्यात आन् ठराव मागनं लिवत्यात. आम्ही सही मागनं करतो म्हटलं, तर कायदा काय म्हनतो?" वक्ते उत्तर द्यायला पुढे झुकलेले मी पाहिलं. त्यांनी समोरच्या कागदांवर हातही ठेवला होता. तेवढ्यात सूत्रसंचालकाचं ते वाक्य आलं. बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि बसल्या.

ते "बरं" आठ दिवस माझ्या कानात आहे.

व्याख्यान वाईट झालं असतं तर मी इतकी अस्वस्थ झाले नसते. ते उत्तम झालं होतं. देशाला पंचायत राज सुचवणाऱ्या बलवंतराय मेहता समितीपासून वक्त्यांनी धागा उचलला, मग महाराष्ट्रासाठीची वसंतराव नाईक समिती, १ मे १९६२ ला आपल्याकडे जिल्हा परिषदा कशा उभ्या राहिल्या, १९९३ ला लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना काय दिलं आणि काय राज्यांच्या मर्जीवर सोडलं. घटनेच्या अकराव्या अनुसूचीतले २९ विषय कागदावर गावाचे असले, तरी त्यांच्यासाठी लागणारा पैसा आणि माणूस गावाकडे किती आला, हे त्यांनी इतक्या स्वच्छ मांडलं की मी मांडीवरच्या वहीत चार पानं भरून टिपणं घेतली. ग्रामसभा हा या सगळ्या रचनेचा पाया आहे, असं ते तीनदा म्हणाले. आणि त्याच पायावर उभ्या असलेल्या एका बाईने, पायाला तडा नेमका कुठे आहे हे बोट ठेवून दाखवलं, तेव्हा तो प्रश्न विषयाबाहेरचा ठरला. विषयाला याहून धरून असलेला प्रश्न त्या संध्याकाळी दुसरा कुठलाही आला नव्हता. त्याआधी एका गृहस्थांनी प्रश्न म्हणून सहा मिनिटं स्वतःचं मत सांगितलं होतं, आणि त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

व्याख्यानांचं वेड मला आण्णांकडून आलं. आण्णा प्राथमिक शिक्षक. आमच्या कृष्णाकाठच्या गावात वाचनालयाच्या पटांगणात दर उन्हाळ्यात आठ दिवस व्याख्यानमाला असायची. आमच्या वार्षिक परीक्षा संपायला आणि ती सुरू व्हायला एकच गाठ पडे, त्यामुळे सुट्टी म्हटलं की मला अजूनही पाणी मारलेल्या मातीचा वास येतो. दुपारी शिपाई पटांगणात सडा घालायचा, सतरंज्या झटकून अंथरायचा. त्या सतरंज्यांना वर्षभर कपाटात राहिल्याचा एक कोंदट वास असायचा, तो पहिल्या दोन दिवसांत जात नसे. पुढे म्हातारी माणसं खुर्च्यांवर, डावीकडे बायकांची सतरंजी, उजवीकडे पुरुष, आणि मंचावरच्या ट्यूबलाइटभोवती पाखरं. वीज गेली की वक्ता थांबायचा नाही. माणसं अंधारातच आणखी पुढे सरकून बसायची, कोणीतरी ग्यासबत्ती आणायचं, आणि कर्ण्याशिवायचा तो आवाज जास्त जवळचा वाटायचा. माठातलं वाळा घातलेलं पाणी मध्येच फिरायचं. मला त्यातलं निम्मंअधिक कळत नसे. पण मोठी माणसं दीड तास हलत नाहीत, खोकला आला तरी तोंडावर उपरणं धरतात, हे मी बघत असे.

घरी परतताना आण्णा एकच गोष्ट विचारायचे. व्याख्यानात काय सांगितलं, हे नाही. "तुला उभं केलं असतं, तर काय विचारलं असतंस?" सुरुवातीला मी काहीतरी ठोकून द्यायची. मग मला त्याची सवय लागली. व्याख्यान चालू असतानाच मी मनात प्रश्न शोधायला लागायची. आज मी जे काही ऐकू शकते ते त्या घरापर्यंतच्या पाऊण मैलाच्या रस्त्यावर शिकले, असं मला मनापासून वाटतं.

रोजगार हमीवरची रात्र तर मला तारखेसकट आठवायला हवी होती, पण वर्षच तेवढं पक्कं आहे, १९७९. त्याच २६ जानेवारीला रोजगार हमीचा कायदा लागू झाला होता. वि. स. पागे यांनी ही कल्पना आधी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूर परिसरात करून पाहिली, आणि १९७२ च्या दुष्काळाने तिची गरज साऱ्या राज्याला पटवली. आमच्याकडच्या माणसांना हे सांगायची गरजच नव्हती. समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांनी त्या दुष्काळात खडी फोडली होती. वक्ते शहरातून आले होते. शहरातल्या पगारदाराचा व्यवसाय कर कापला जातो आणि त्यातून गावातल्या मजुराला मजुरी मिळते, हे त्यांनी सांगितलं तेव्हा आण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं होतं. मागेल त्याला काम, तेही कायद्याने. असं त्या वेळी देशात दुसरीकडे कुठे नव्हतं. शेवटी प्रश्न आहेत का विचारल्यावर सतरंजीच्या अगदी कडेला बसलेला एक माणूस उठला. टोपी काढून त्याने हातात धरली होती. म्हणाला, मुरूम लागला तर माप होतं, साहेब. पण खाली कातळ लागला तर दिवसभर पहार मारूनबी माप भरत न्हाई. त्या घामाची मजुरी कुठल्या रकान्यात लिवत्यात?

वक्त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. खिशातलं पेन काढलं, मंचाच्या कडेला येऊन पाय खाली सोडून बसले आणि त्यालाच विचारायला लागले. काम कुठलं, माप कोण घेतं, आठवड्याने की पंधरवड्याने, हजेरीचा कागद तुम्हाला दिसतो का? मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. बायकांच्या सतरंजीवरून एक म्हातारी म्हणाली की कामावर पोरं ठेवायला सावली नाही. वक्ते लिहीत होते. साडेदहा वाजून गेले, वाचनालयाच्या शिपायाने दोनदा किल्ल्या वाजवल्या आणि मग तोही येऊन बसला. त्या रात्री आण्णांनी मला रस्त्यात काहीच विचारलं नाही.

सभागृहातल्या त्या बाई मला बाहेर चपलांपाशी भेटल्या. भेटल्या म्हणजे मी गर्दीतून वाट काढत गेले. त्या पिशवीत एक कागद नीट घडी करून ठेवत होत्या. मी म्हटलं, "ताई, तुमचा प्रश्न फार चांगला होता." त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं, शहरातली माणसं असं बरंच काही म्हणतात तसं. मग कागद उलगडून दाखवला. वहीचं रेघांचं पान. वर देवाचं नाव, खाली ओळीने नावं. एकेचाळीस. काही सह्या ठसठशीत, काही शाळेत घोटलेल्या अक्षरांच्या, आणि सात-आठ निळे अंगठे, कडा पसरलेले. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, त्या सभेला येणाऱ्या या बायका. "मी माझ्या एकटीचं विचारत न्हवते," त्या म्हणाल्या. "सगळ्याजणींनी मिळून पाठवलं. आता अर्ध्या तिकिटात येता येतं, म्हनून एवढ्या लांब आले." गावात पाण्याच्या टाकीची जागा बदलली होती. बायकांनी वरच्या आळीची जागा सांगितली होती, सभेत तसं बोलणंही झालं होतं, आणि वहीत दुसरीच जागा निघाली. खाली सगळ्यांच्या सह्या. सभेला आल्याआल्या हजेरी म्हणून केलेल्या.

"माहितीचा अर्ज केला तर नक्कल मिळती की," त्या म्हणाल्या. "पर तवर खड्डा खणून झालेला आसतो."

बसने घरी येताना मला पुण्याचीच एक जुनी गोष्ट आठवत राहिली. २ एप्रिल १८७० ला इथे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या घटनेत एक अट होती. सभासद व्हायचं असेल तर किमान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र हवं. पन्नास लोकांनी सही करून सांगायचं, की हा आमच्या वतीने बोलेल. पहिले ९५ सभासद असे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्यांवर आले. मतदान नव्हतं, विधिमंडळात आपली माणसं निवडून पाठवायची सोय नव्हती, सरकार परक्याचं होतं, आणि तरीही गणेश वासुदेव जोशींसारख्या माणसांना, ज्यांना लोक सार्वजनिक काकाच म्हणायला लागले, असं वाटलं की बोलण्याआधी आपण कोणासाठी बोलतोय याचा कागद खिशात असला पाहिजे. त्या सभेत सरदार, सावकार, वकील, इनामदारच जास्त होते. बाई तर एकही नसणार. हे मी विसरत नाही. पण अट मात्र खरी होती. त्या बाईंच्या पिशवीत एकेचाळीस सह्यांचं मुखत्यारपत्र होतं. त्या सभागृहात आम्ही दोनशे माणसं होतो. दुसऱ्याच्या वतीने बोलायला आलेलं असं त्यांच्याशिवाय कोण होतं?

आणि ती सभा आधी विचारायची, मग बोलायची. याचं मला फार अप्रूप आहे. १८७२ साली दख्खनच्या शेतकऱ्याची स्थिती काय आहे याची तिने चौकशी सुरू केली. १८७६ चा दुष्काळ पडला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली, कुठल्या गावात किती माणसं कामावर, मजुरी काय, गुरं किती मेली, आणि ते अहवाल मुंबई सरकारकडे धाडले. त्यामागे न्यायमूर्ती रानडे होते. सरकारी नोकरीत असल्यामुळे पडद्याआड राहून, आणि त्याची किंमतही मोजून. पुण्याहून नाशिकला, तिथून धुळ्याला त्यांच्या बदल्या झाल्या. याच रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेची सुरुवात केली. म्हणजे ज्या माणसाने पुण्याला ऐकायला शिकवलं, तोच माणूस दुष्काळी गावांतून आकडे मागवत होता. त्याच्या लेखी ही दोन कामं वेगळी नसणार. पुढे १९३९ च्या जानेवारीत काळे स्मारक व्याख्यानासाठी डॉ. आंबेडकर पुण्यात आले आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या संघराज्याची चिरफाड त्यांनी कलमाकलमाने केली, तीही गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या व्यासपीठावरून. राज्यकारभार हा विषय सामान्य श्रोत्याला झेपणार नाही, अशी शंका या माणसांना कधी आली नसावी. कलमं वाचून दाखवली तर लोक ऐकतात, यावर त्यांचा विश्वास होता. ग्रामसभेतल्या सहीचं कलम त्या परवाच्या संध्याकाळी वाचून दाखवायला किती वेळ लागला असता?

हे लिहिताना मला स्वतःबद्दलही लिहायला हवं. मी तीस वर्षं एका सरकारी कचेरीत होते. टंकलेखक म्हणून लागले आणि सभांच्या कामकाजाची फाइल पुष्कळ वर्षं माझ्याकडे होती. इतिवृत्त मी सभेच्या आदल्या दिवशी टाइप करून ठेवत असे. सगळेच ठेवत. "सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर." सूचक आणि अनुमोदक यांच्या नावाला तेवढी जागा मोकळी सोडायची. सभेनंतर घाई होते, वरून मागणी येते, तयार असलेलं बरं, असं मला वरिष्ठांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं आणि मी ते कामाची शिस्त म्हणून शिकले. सभेत कधी वेगळं काही ठरलं तर पान पुन्हा टाइप व्हायचं. बहुतेक वेळा व्हायचं नाही. "सविस्तर चर्चा होऊन" हे शब्द मी इतक्या वेळा उठवले आहेत की आजही बोटं आपोआप त्या अक्षरांवर जातील. त्या पानांच्या पलीकडे कुठेतरी एखादी पाण्याची टाकी वरच्या आळीतून खालच्या आळीत गेली असेल, असं तेव्हा मनात आलं नाही. आण्णांनी शिकवलेला प्रश्न मी व्याख्यानाला जाताना सोबत नेला. कचेरीत तो कधी नेला नाही.

त्या बाईंचं "बरं" मला का टोचलं, हे इथे येऊन मला नीट कळतंय. सभेत तसं "बरं" म्हणून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं म्हणणं माझ्या पानात कधी आलं नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा लेखा या गावाबद्दल मी वाचत आले आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना ठाऊक असते. २००९ मध्ये गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तेही. मला मात्र त्याहून जास्त ओढ आहे ती तिथल्या अभ्यास गटाची. ग्रामसभा वेगळी आणि अभ्यास गट वेगळा. अभ्यास गटात निर्णय घ्यायचाच नाही, फक्त विषय समजून घ्यायचा. बाहेरचा जाणकार तिथे येऊ शकतो, बोलू शकतो, त्याला उलटसुलट विचारता येतं. निर्णय नंतर ग्रामसभेत, आणि तो बहुमताने नाही, सगळ्यांची सहमती होईल तेव्हा. म्हणजे चर्चासत्र आहे, पाहुणा वक्ता आहे, फक्त हार नाही आणि नऊला रिकामं करून द्यायचं सभागृह नाही. आणि जे कळलं ते घेऊन जायला ग्रामसभा आहे. आमच्या शहरातल्या व्याख्यानाला हा दुसरा दरवाजा नाही. आम्ही समृद्ध होऊन घरी जातो आणि वरण गरम करतो. मी हे हिणवून म्हणत नाही, समृद्ध होणंही मला हवं आहे. पण त्या बाई समृद्ध व्हायला आल्या नव्हत्या. त्यांना १ मेच्या ग्रामसभेआधी उत्तर हवं होतं.

चपलांपाशी मी त्यांना मला येत होतं तेवढं सांगितलं. ग्रामसभेच्या सूचनेवर विषय क्रमांक एक असतो, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." त्यातल्या "वाचून" या शब्दावर अडून बसा. वाचल्याशिवाय पुढचा विषय नको म्हणा. हजेरीची सही करताना शेजारी "हजर" असं लिहा, म्हणजे ती ठरावाखाली चालणार नाही. आणि तुमच्यातल्या कोणीतरी सभा चालू असतानाच, जे ठरेल ते तिथल्या तिथे लिहायचं, खाली कार्बन घालून, म्हणजे एक प्रत त्यांची आणि एक तुमची, दोन्हीवर सचिवाची सही. आम्ही कचेरीत तसंच करायचो, एका वेळी तीन-तीन कार्बन घालून, शेवटची प्रत फिकी यायची. त्या सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. "हजर" हा शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला. मग स्वारगेटची बस आली.

मध्यंतरी पुढच्या कार्यक्रमांची पत्रिका आली. गुळगुळीत कागद, तीन दिवस, तीन वक्ते: नागरी स्थानिक संस्थांचं अर्थकारण, सेवा हक्क कायद्याची दहा वर्षं, पाणी आणि लोकसहभाग. तिन्ही विषय मला जिव्हाळ्याचे. मी जाणारच आहे. आयोजकांना मी एक पत्र लिहिलं, हाताने, दोन पानी. प्रश्न शेवटी न ठेवता आधी घ्या. पहिली वीस मिनिटं सभागृहातली माणसं बोलू देत, वक्त्यांनी ती ऐकून मग सुरुवात करावी. आणि परवाच्या प्रश्नाचं उत्तर वक्त्यांकडून लेखी घेऊन मला द्या, मी पोचवते. उत्तर येईल की नाही या काळजीने पत्र लिहायचं थांबू नये, असं आण्णा म्हणायचे. दूरध्वनीवर कार्यवाह सौजन्याने बोलले. वक्त्यांचा प्रवास, वेळ, सभागृहाचं भाडं, सगळं त्यांनी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. विचार करतो म्हणाले. उत्तर मात्र वक्त्यांकडून आलं, चारच दिवसांत, दीड पान, नियमांच्या क्रमांकांसह. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "त्या संध्याकाळी मी बोलायला हवं होतं."

ते दीड पान मी त्या बाईंना फोनवर वाचून दाखवलं. मागे भांड्यांचा आवाज येत होता, आणखी कोणी कोणी ऐकत असावं, कारण मध्येच "परत वाचा म्हनावं" असं कोणीतरी म्हणालं. मी परत वाचलं. मग पत्रिकेतल्या पाण्यावरच्या व्याख्यानाचं त्यांना सांगितलं, येता का विचारलं.

"तवा आमची सभा हाय, ताई. एक तारखेला," त्या म्हणाल्या. "तुम्हीच या. आन् येताना त्यो कार्बन घेऊन या. हितं दुकानात इचारलं, पोरगं म्हनतं कार्बन म्हंजे काय?"

काल अप्पा बळवंत चौकात गेले. तिसऱ्या दुकानात मिळाला. दुकानदाराने माळ्यावरून पाकीट काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि निळा की काळा असं विचारलं. मी निळा घेतला. त्याने एक ताव बाहेर काढून कोपऱ्यावर नख ओढून पाहिलं, उमटतो का ते. उमटला.